नाथूबाबाने न सांगितलेलं नाव

१

आडकोंडावर नाथूबाबा ढेबे मेला तेव्हा भर दुपार होती, तरी घरात कंदील जळत होता. भाद्रपदातलं धुकं तीन दिवस डोंगरावर बसून राहिलं होतं. हात लांब केला तर स्वतःचीच बोटं पुसट दिसत.

पोलादपूरहून उमरठच्या वाटेला लागायचं, गाडीरस्ता संपला की दोन तास चढायचं, तेव्हा कुठे ही सात घरांची धनगरवाडी लागे. फौजदार महिपत हाटे हवालदार सोमाला घेऊन वर पोचला तेव्हा त्याचे बूट चिखलाने जड झाले होते. साल १९८२. महिपतचं वय एकोणतीस, आणि स्वतःच्या हाताखालचं हे त्याचं पहिलंच ठाणं.

घोंगडीवर निजवलेला म्हातारा सत्तरीचा, अंगाने काटक. उजवा हात मात्र दुसऱ्याच कुणाचा आणून लावल्यासारखा दिसत होता. तळव्यापासून खांद्यापर्यंत टम्म सुजलेला, काळानिळा.

"कधीपासून?" महिपतने विचारलं.

"आज चौथा दिस," म्हाताऱ्याचा मुलगा भैरू म्हणाला. "ताप चढला तो उतरलाच नाय. हात कोनाला बघू दिला नाय. डोली बांधली, तर डोलीत बसायला तयार नाय."

"काही बोलले?"

कोपऱ्यात बसलेली म्हाताऱ्याची भावजय पुढे झाली. चंद्राबाई तिचं नाव. पन्नाशीची, विधवा, अंगावर विटकं लुगडं.

"बोलले. समद्यांच्या देखत बोलले. दरीनं मला बोलावलंय, म्हनाले. म्हशी नेऊन तिचं भागलं, आता मानसं नेनार. तुम्ही खाली उतरा, हितं राहू नका. आन् कोनाचा राग धरू नका."

एवढं बोलून ती थांबली, आणि त्याच वेळी तो आवाज आला.

घंटा वाजत होती. गुराच्या गळ्यातली पितळी घंटा, मंद, संथ. जनावर चरत चरत पुढे सरकावं तशी. मग दुसरी. आवाज दरीतून येत होता. तिथे तुटलेला कडा होता आणि त्याखाली रान. तिकडे गुरं जाण्यासारखी जागाच नव्हती.

घरातल्या कुणीही वर पाहिलं नाही. एका बाईने लेकराचे कान दाबून धरले.

"सायेब," सोमा हवालदार कानाशी लागून म्हणाला, "मेलेल्या म्हशींच्या घंटा हायत त्या. श्रावणापास्नं चार म्हशी गेल्या. दर खेपेला आधी गळ्यातली घंटा गायब, मग म्हस आडवी. आन् मग घंटा खालनं वाजते."

महिपत उठून अंगणात गेला. पुढे पांढरा पडदा होता. त्या पडद्यापलीकडे चार मेलेल्या म्हशी निवांत चरत होत्या.

२

म्हाताऱ्याचं शवविच्छेदन झालं आणि पोलिसांपुरती भुताची गोष्ट तिथेच संपली. उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, डॉक्टरांना मोडलेली सुई सापडली. धातूची नव्हती. गुंजेच्या विषारी बिया वाटून, वाळवून केलेली होती. गुरांच्या डॉक्टरने पुरलेली चौथी म्हैस उकरून चिरली, तिच्या मानेतही तसलीच निघाली.

जुन्या लोकांना हा प्रकार ठाऊक होता. सुई मारणं म्हणत त्याला. जनावर दोन-तीन दिवसांत मरे आणि बाहेरून काहीच दिसत नसे.

बातमी वर पोचायला वेळ लागला नाही, आणि वाडीवर भुताच्या जोडीला एका माणसाचं नाव आलं. डोंगराच्या पायथ्याशी बौद्धवाडी होती. तिथला कुशाबा जाधव चार महिन्यांपूर्वी झऱ्याच्या पाण्यावरून नाथूबाबाशी कडकडून भांडला होता. जिल्ह्याहून मोठे साहेब जीपने आले. कुशाबाच्या घराची झडती झाली. फळीवर कातडं टोचायची आरी मिळाली आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलीच्या गळ्यात लाल गुंजांची माळ.

"झालं तर," साहेब म्हणाले. "कातड्यासाठी ढोरं मारायची, हा या लोकांचा पिढीजात धंदा. इंग्रजांच्या वेळच्या पुस्तकांत लिहून ठेवलंय. म्हातारा आड आला, त्यालाही टोचली."

'या लोकांचा' म्हणताना साहेबांना समोर कोण उभा आहे याचा विसर पडला असावा. की नसावा? महिपतचा आजा महाड तालुक्यात मेलेली ढोरं ओढत असे. गावाने ते काम त्याच्या गळ्यात बांधलं होतं आणि ढोर मेलं की गाव त्याच्याकडेच संशयाने बघत असे. बाबासाहेबांचं ऐकून आज्याने एका सकाळी दोर खाली ठेवला तो कायमचा. त्यापायी वर्षभर उपास काढले. महिपतला हे सगळं पाठ होतं.

तरीही अटकेचा कागद त्यानेच लिहिला. हुकूम होता.

कुशाबाने अंगठा उठवण्याआधी एकदाच वर बघितलं. "सायेब, त्या चार म्हशी वाडीवाल्यांनी खड्ड्यात पुरल्या. कातड्यासकट. मग मी त्या कशापायी मारल्या, तेवढं कागदात लिवा."

तोवर कुशाबाच्या मुलीच्या गळ्यातली माळ पुडीत बांधून, लाख लावून, मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाली होती. त्या लेकराने ती देताना रडूनसुद्धा घेतलं नव्हतं.

३

आठवड्याने प्रयोगशाळेतले मुरारी चौबळ दुसऱ्या एका खटल्यात साक्ष द्यायला महाडला आले. महिपतने त्यांना कोर्टातून थेट जानकीबाई कासाऱ्यांकडे नेलं.

जानकीबाई चवदार तळ्याच्या मागच्या आळीत एकट्याच राहत. मुंबईत तीस वर्षं प्रोबेशन अधिकारी होत्या. गुन्हा केलेली पोरं आणि तुरुंगातून सुटलेल्या बाया सांभाळण्यात आयुष्य गेलं. महिपत प्रशिक्षणात असताना त्या गुन्हेगारीशास्त्र शिकवायला येत. तेव्हापासून तो त्यांना बाई म्हणे.

चौबळांनी चहाची बशी बाजूला सारली आणि टेबलावर तीन बोटं ठेवली.

"पहिलं. माळेतली एकही गुंज फोडलेली नाही, आणि आरीवर विषाचा अंशसुद्धा नाही. त्यावरून कुशाबा सुटत नाही, पण अडकतही नाही. दुसरं. सुई तळव्यात शिरली ती बोटांकडून मनगटाकडे, तिरकी. झोपेत किंवा मागून कुणी टोचली तर अशी जात नाही. सुई धरलेला हात समोरून पकडला, तरच अशी जाते."

"म्हणजे नाथूबाबाने मारेकऱ्याचा हात धरला होता?"

"हात धरला म्हणजे तोंडही बघितलं. तिसरं. सुईच्या मागच्या टोकाला, पकड यावी म्हणून, हिरवं सूत गुंडाळलंय. साडीतलं. आणि त्या सुतावर कारखान्यातली खळ जशीच्या तशी आहे. ती साडी एकदाही पाण्यातून निघालेली नाही."

"कोणाची असेल?"

"ते मला विचारू नका," चौबळ हसले. "माझ्या टेबलावर माणूस येत नाही, फौजदार. त्याचा तुकडा येतो. काय झालं, कशानं झालं, ते तुकडा सांगतो. का झालं, ते तो सांगत नाही, आणि मी त्याच्या तोंडात घालत नाही."

जानकीबाई इतका वेळ ऐकत होत्या. "माझं नेमकं उलट. माझ्याकडे सबंध माणूस येतो, पण त्याच्या हातात काय होतं ते मला कधी दिसत नाही. चौबळ एका गुन्ह्याच्या मागे लागतात. आम्ही विचारतो, माणसं गुन्ह्यापर्यंत पोचतात कशी? अमक्याच ठिकाणी, अमक्याच वेळी का? आणि झाल्यावर लोक बोट कोणाकडे दाखवतात, तेही आमच्याच अभ्यासात येतं."

"साहेबांनीही शास्त्राचंच पुस्तक दाखवलं, बाई."

"दाखवणारच. जातच गुन्हेगार असते असं लिहिणारे आमच्याच शास्त्रात होऊन गेले. चौबळांचा तुकडा समोर ठेवल्याशिवाय माझ्या शास्त्रावर विश्वास टाकू नकोस, महिपत. माणसं फुकट फासावर जातात." त्या थोडं पुढे झुकल्या. "आता तुकडा म्हणतो, म्हाताऱ्याने तोंड बघितलं. त्यानंतर तो चार दिवस शुद्धीवर होता. समोर कुशाबा असता तर?"

"ओरडून नाव सांगितलं असतं. भांडणच होतं त्यांचं."

"मग मरणारा माणूस आपल्या मारेकऱ्याचं नाव का गिळतो? एवढं एक शोध. आणि दुसरं, म्हशी मरायला लागल्या श्रावणात. त्याच्या आधी त्या वाडीवर काय घडलं होतं? गुन्ह्यांच्या वहीत सापडायचं नाही ते. जन्ममृत्यूची वही काढ."

४

महिपत दुसऱ्या दिवशी वर गेला तेव्हा सातांपैकी तीन घरांना कुलपं होती. माणसं घाबरून पायथ्याला उतरली होती. उरलेल्यांची बोलाचाल कुजबुजीत चाले. धुकं तसंच होतं. अंगणातला कुत्रा दरीकडे तोंड करून बसला होता. भुंकत नव्हता, हलतही नव्हता.

भैरू ओसरीवर भेटला. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत नव्यानेच कामाला लागला होता.

"तुला खाली उतरायचंच होतं. वडील आडवे येत होते. खरं ना?"

"खरं हाय," भैरूने लपवलं नाही. "म्हशी सोडून मी खाली येनार नाय, हेच बाबांचं. माझी बायको सातव्या महिन्यात हाय, सायेब. पन मी बापाला मारीन? पयल्या आन् तिसऱ्या म्हशीला मी पाळीवर व्हतो. कारखान्यात इचारा."

आतून त्याची बायको गीता पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीस वर्षांची, जड पावलांची. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. महिपतची नजर तिथेच अडली. पण लुगडं धुऊन धुऊन विरलेलं, पदराला ठिगळ.

"याच्याशिवाय आणखी हिरवं आहे तुझ्याकडे?"

"हाय कुठलं, दादा! दोनच हायत, दुसरं निळं."

"घंटा तू ऐकतेस?"

तिने पोटावर हात ठेवला. "ऐकते. धुकं चढाय लागलं, वारा वर आला, का वाजतात. चंद्राकाकी म्हनते, तुझ्यासाठी नाय गो त्या, तू भिऊ नको. पन तू हितं बाळंत हू नको, असंबी म्हनते."

चंद्राबाई गोठ्यात होती. उरलेल्या म्हशी तिच्या अंगाला अंग घासत उभ्या होत्या. महिपतने गेलेल्या म्हशींची नावं विचारली तशी ती धार काढता काढता, मागे न बघता सांगत गेली.

"पयली मोरी. मोरीखाली रेडकू नव्हतं. मंग ढवळी, तीबी रिकामी. तांबीचा गाभ पडलेला. चौथी बांडी, म्हातारी, तिची वेतंच सरलेली."

"सगळ्यात चांगली म्हैस कुठली?"

"ही काय." तिने शेजारच्या काळ्याभोर पाठीवर थाप मारली. "दोन येळा भांडं भरून देते. हिचं रेडकू पंधरा दिसांचं हाय."

महिपतने ताक घेतलं, निरोप घेतला. अर्धा डोंगर उतरल्यावर तो एकाएकी उभा राहिला.

कातड्यासाठी मारणारा मोठं जनावर बघेल. दावा धरणारा सगळ्यात दुभती म्हैस उचलेल. इथे मारणाऱ्याने चारही वेळा अशी निवडली होती की जिच्यामागे पिल्लू नाही. पाच आठवडे दबा धरून जीव घेणाऱ्या माणसाला पोरकं रेडकू मात्र बघवणार नव्हतं.

खालच्या गावात ग्रामसेवकाने मृत्यूची वही काढून दिली. गेल्या वर्षीच्या श्रावणातली एकच नोंद आडकोंडाची होती.

*तुळजा, वय एकोणीस. माहेरी बाळंतपणास आलेली. डोलीतून दवाखान्यात नेताना वाटेत मयत. मूल पोटात मयत. आई: चंद्राबाई ढेबे.*

"या पोरीचं ठाऊक आहे तुम्हाला?" महिपतने विचारलं.

ग्रामसेवक चष्मा पुसत बसला. "सगळ्या गावाला ठाऊक आहे, साहेब. सकाळी कळा अडल्या. डोलीला चार गडी लागतात, वाडीवर होतेच चार. पण नाथूबाबाची म्हैस त्याच सकाळी दलदलीत रुतली. नाथूबाबा म्हणाला, म्हैस काढू, मग डोली उचलू. म्हैस निघाली दुपारी. पोर ऐनाच्या वळणापर्यंत जिवंत होती म्हणतात."

"ती म्हैस कोणती?"

"मोरी का काहीसं नाव होतं."

५

ऐनाचं वळण मुख्य वाटेवर नव्हतं; ते कड्याखालच्या जुन्या वाटेवर होतं, घंटा वाजत त्याच बाजूला. दरड कोसळून जुनी वाट बंद झाली होती, आणि वर्षभरात तिकडे कुणी फिरकल्याचं ऐकिवात नव्हतं. महिपत सोमाला वर ठेवून एकटाच कड्याखाली उतरला. सकाळचे दहा वाजले असतील. पावलागणिक धुकं दाट होत गेलं. पाखरू बोलत नव्हतं, पाण्याचाही आवाज नव्हता.

मग वारा खालून वर आला आणि घंटा वाजली.

अगदी जवळ. डोक्यावर.

महिपत शिकलेला होता, वर्दीत होता, भुताखेतांना त्याच्या घरात दोन पिढ्या थारा नव्हता. तरी त्याचे पाय पुढे जाईनात. दुसरी घंटा वाजली, तिसरी वाजली. धुक्यात चार काळी तोंडं हलताहेत असंच वाटत होतं. त्याने हात पुढे केला. हाताला ओलं खोड लागलं.

ऐनाचं झाड होतं. आडव्या फांदीला चार पितळी घंटा बांधलेल्या. बांधायला हिरव्या साडीच्या पट्ट्या, कोऱ्या कापडाच्या; पावसात भिजून त्यांचा हिरवा रंग खोडावरून ओघळला होता. बुंध्याशी सपाट दगड, आणि दगडावर शिळं फूल.

"तितंच ठेवली व्हती डोली," मागून आवाज आला.

चंद्राबाई वाटेच्या कडेला उभी होती. कधी आली ते कळलंच नाही. हातात काही नव्हतं.

महिपतने स्वतःला सावरलं. "साडी तुळजेसाठी घेतली होती?"

"बाळ घेऊन सासरला निघंल तवा नेसवायची म्हनून. घडीबी मोडली नव्हती." ती दगडाशी येऊन बसली. "तुमाला कसं कळलं?"

"सुईला गुंडाळलेलं सूत कोरं होतं. वाडीत कोरं हिरवं कापड कुणाच्या अंगावर नाही, म्हणजे ते पेटीत राहिलेलं. चारही म्हशी बिनरेडकाच्या, आणि पहिली मोरीच. म्हशी अंगाला हात लावू देतात ते घरच्या माणसाला. आणि नाथूबाबाने नाव सांगितलं नाही. घरच्याच माणसाचं नाव गिळलं जातं, मावशी."

तिने दगडावर पडलेली पानं हाताने झाडली.

"बापजाद्यांपास्नं आमी म्हशी ह्या सुईपास्नं राखल्या. माझ्या बापानं मला वळखायला शिकवलं व्हतं. मारीन असं कंदी वाटलं नाय." मग म्हणाली, "तुळजी गेली, मी गप बसले. वरीसभर बसले. मंग आखाडात गीतानं सांगितलं, दिवस हायत. भावजींस्नी म्हनलं, औंदा खाली उतरू या. ते म्हनाले, म्हशी सोडून कुठं जाऊ? मला वाटलं, म्हशीच नसल्या तर? येक मेली, कोनी हललं नाय. दुसरी मेली. मंग मी काढून ठेवलेल्या घंटा हितं बांधल्या. वाडीनं भ्यावं म्हनून. आन् खरं सांगू, मला आवाज पायजे व्हता हितं. पोर येकटी व्हती."

"आणि नाथूबाबा?"

"पाचवीच्या मानंशी हात नेला आन् त्यांनी समोरनं येऊन मनगट धरलं. मी दचकले. त्यांनी मुठीत घेतली ती सुई, आन् ती तळव्यात मोडली." तिने स्वतःचा तळवा उलटा करून बघितला. "मी बोंबलनार व्हते. त्यांनी तोंडावर हात ठेवला. बघत राह्यले माझ्याकडं. म्हनाले, चंद्रे, गेल्या साली मी चार गडी अडकवून ठेवले, तवाच ही सुई माझ्या नावाची झाली. तू गप ऱ्हा."

"दवाखान्यात का नाही गेले?"

"मी पाया पडले. म्हनले, डोलीत बसा. म्हनाले, कोनत्या तोंडानं बसू?" चंद्राबाईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आन् म्हनाले, तुझ्या घंटांना भिऊन वाडी हलली नाय, पन म्हाताऱ्याच्या मरत्या बोलानं हलंल. दरीनं बोलावलंय म्हनून मीच सांगतो. मंग तरी उतरतील. गीता उतरंल."

महिपत झाडाला टेकून उभा राहिला. भूत उभं केलं होतं ते एका मरणाऱ्या माणसाने, शुद्धीत राहून.

"आणि कुशाबा?" त्याने विचारलं. आपला आवाज इतका कडक होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "अकरा दिवस तो माणूस कोठडीत आहे. त्याच्या पोरीच्या गळ्यातली माळ मी काढून घेतली. तेव्हा तुम्ही वर ताक घुसळत होतात."

चंद्राबाईने मान वर केली नाही. "गीता उतरली का येनार व्हते. रोज म्हनायची, उद्या. त्याचं पाप माझ्याकडं हाय. ते भावजींच्या वाटनीला जात नाय."

ती उठली. वाकून दगडावरचं फूल सरळ केलं. मग महिपतने घंटा एक एक करून सोडवल्या. पुरावा म्हणून न्यायच्या होत्या. चौथी सुटली, आणि दरीत जी शांतता पडली ती त्याला त्या आवाजापेक्षा अवघड गेली.

६

कुशाबा सुटला, पण कोठडीच्या दारातून बाहेर पडेना.

"मला सोडलंत ते कागदावर," तो म्हणाला. "वरच्या वाडीनं माझं नाव घेतलं ते तोंडानं. ते कोन उतरवनार?"

म्हणून महिपत त्याच्याबरोबर डोंगर चढला. पूर्ण वर्दीत, उजेडात. वाडीतली आणि पायथ्याला उतरलेली सगळी माणसं त्याने ओसरीसमोर बोलावली आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हणाला, "कुशाबा जाधव निर्दोष आहे. अटकेचा कागद मी लिहिला, चूक माझी आहे." भैरूने पुढे होऊन काही बोलायचा प्रयत्न केला. कुशाबा ऐकायला थांबला नाही. तो पाठ फिरवून उतरायला लागला. कुणी त्याला हाक मारली नाही, आणि ते बरंच झालं.

मोठ्या साहेबांना अहवाल गेला. चौबळांच्या तीन निष्कर्षांखाली महिपतने जानकीबाईंचा प्रश्न लिहिला आणि त्याखाली मृत्यूच्या वहीतली नोंद उतरवून काढली. साहेबांनी सही केली.

कार्तिकात महाडच्या कोर्टात तारीख होती. चंद्राबाई व्हरांड्यात जमिनीवर बसली होती, शेजारी महिला पोलीस. जानकीबाई तिच्यासाठी वकील घेऊन आल्या होत्या आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. महिपत जवळ गेला तशी चंद्राबाईने वर बघितलं.

"गीता बाळंत झाली," तो म्हणाला. "परवा. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत."

"कुठं झाली?"

"पोलादपूरला. सरकारी दवाखान्यात."

"डोलीतनं नेली?"

"नाही. पंधरा दिवस आधीच भैरूने खाली खोली घेतली. चालत उतरली. जुन्या वाटेनं नाही, नव्या वाटेनं."

चंद्राबाईने डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलू लागले. महिपतला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. वाकून ऐकलं तेव्हा कळलं, ती वाट उतरत होती. "गोठा… झरा… दगडी पायरी… नाला…" एकेक जागा घेत, गरोदर बाईला जपून न्यावं तशी सावकाश, ती मनाने खालपर्यंत गेली.

"रस्ता," ती शेवटी म्हणाली आणि डोळे उघडले.

आतून शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला. दुसऱ्या हाकेची वाट न बघता चंद्राबाई उठून आत गेली.